हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग दम का लागते?

मित्रहो, आज राजकारण नाही. गोष्ट घरची आहे, पण प्रश्न सगळ्यांचा.

माझ्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, पंप कमी ताकदीनं चालते. मागच्या वर्षी घरून तळेगावच्या बसस्टँडपर्यंत जाताना ते दोनदा थांबायचे. "वय झालं ना बाबू, दम लागनारच!" हिमोग्लोबिन १३ च्या वर, म्हणून आम्हीही निवांत. शेवटी एका डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला लावलं. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला निघाला.

हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या रुग्णांत लोह कमी असतं, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. लोह फक्त रक्तासाठी नाही. हृदयाच्या आणि पायांच्या स्नायूंनाही ताकद बनवायला ते लागतं. गूळ-शेंगदाणे आणि गोळ्या इथं पुरत नाहीत, कारण या आजारात आतड्यातून लोह नीट शोषलंच जात नाही. २०१७ च्या अमेरिकन अभ्यासात १६ आठवडे गोळ्या देऊनही रुग्णांची ताकद वाढली नाही. शिरेतून लोह दिलं तर त्रास कमी होतो, चालणं सुधारतं, हे २००९ पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सांगितलं, हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाचं लोह अधूनमधून तपासा.

आपल्याकडे काय? २०१८ चं 'ॲनिमिया मुक्त भारत' अभियान मुलं, किशोरवयीन, प्रजननवयातल्या स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी आहे. ते हवंच, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना ॲनिमिया आहे. पण साठीपुढचा हृदयरोगी शेतकरी त्या यादीत नाही.

माझं म्हणणं एवढंच: हृदयरोग्यांची फेरिटिन तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत व्हावी आणि गरज असेल त्याला शिरेतलं लोह जवळ मिळावं. ज्याला दहा पावलं चालवत नाही, त्यालाच सेवाग्राम-नागपूरच्या चकरा का?

मात्र मनानं सलाईन लावून घेऊ नका. मूळव्याध, पोटातला रक्तस्राव, रक्त पातळ करायच्या गोळ्या, लोह कशानं कमी झालं ते आधी शोधा. विदर्भात सिकलसेल आहे. त्यात न तपासता लोह देणं धोक्याचं.

बाबांचं हृदय काही नवं झालं नाही. पण आता बसस्टँडवर न थांबता जातात, चहा पिऊन येतात. तुमच्या घरी कोणी "वय झालं" म्हणत बसलं असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा: फेरिटिन केलं का?

पटलं तर पुढं पाठवा.