बचाव पहिल्या दिवशी हवा

पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरात सात जणांची हत्या झाली. मृतांत स्त्रिया होत्या, मुले होती. सारे शहर हादरले. या खटल्यात फाशी झालेल्यांपैकी एकाची शिक्षा उच्च न्यायालयाने आणि पुढे २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षांचे होते, हे आता सिद्ध झाले होते. राजस्थानातील एका शाळेच्या नोंदवहीत त्याची जन्मतारीख लिहिलेली होती. ती न्यायालयापुढे येऊन ग्राह्य ठरेपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली.

तो निर्दोष ठरला, असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. १९९४ सालीही कायदा असाच होता, की सोळा वर्षांखालील मुलाला फाशी तर नाहीच, साधा तुरुंगवासही देता येत नाही. म्हणजे कायदा होता, पुरावा होता, तीन न्यायालये होती. उणीव होती ती या तिन्हींची गाठ वेळेवर घालून देणाऱ्याची. हे काम बचावाच्या वकिलाचे. ‘तुझे वय काय आणि तू कोणत्या शाळेत होतास?’ एवढा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारून त्याचा पाठपुरावा झाला असता, तर या देशाच्या न्यायव्यवस्थेवर एका मुलाला फाशी सुनावल्याचा डाग लागला नसता.

वस्तुतः आपल्याकडे या बाबतीत कायद्याची वाण नाही. आवडीचा वकील नेमण्याचा हक्क राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. मोफत विधी साहाय्याचे तत्त्व १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने आले. भागलपूर येथील कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली बजावले, की आरोपी प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो त्या क्षणीच हा हक्क सुरू होतो आणि तो त्याला सांगणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे. ‘त्याने वकील मागितलाच नाही’ ही सबबही १९८६ साली त्याच न्यायालयाने निकालात काढली. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक बालकाला, तसेच कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर मुलाला असा वकील मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी थेट बाल न्याय मंडळावर टाकली आहे.

मग अडते कोठे? अडते ते ‘वकील नेमला’ आणि ‘बचाव झाला’ या दोन वाक्यांमधील अंतरात. कागदोपत्री वकील नेमलेला असतो. पण ज्याच्यासाठी नेमला त्याची आणि वकिलाची पहिली भेट पुष्कळदा न्यायालयाच्या व्हरांड्यातच होते. मध्य प्रदेशातील एका खटल्यात आरोप निश्चित झाला त्याच दिवशी वकील नेमला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा झाली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले. जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस दिले जावेत, असेही त्या निकालाने ठरवून दिले. तयारीसाठी आठवडा द्या, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागते, यातच सारे आले.

‘गुन्हेगारांना एवढे लाड कशाला?’ असे कोणी म्हणेल. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर समाजात उसळलेला संताप समजण्याजोगा होता. त्यातूनच २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा मार्ग खुला केला. त्यासाठी मंडळाला आधी मुलाच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची प्राथमिक छाननी करावी लागते. शिक्षा जितकी कठोर, तितका बचाव सक्षम हवा, हा साधा न्याय आहे. या छाननीच्या वेळी मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी नसेल, तर त्याच्या पुढच्या आयुष्याचा निकाल एकतर्फीच लागणार.

मे २०२४ मध्ये पुण्यातच भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. सधन घरातील अल्पवयीन मुलाला काही तासांतच जामीन मिळाला. सोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक खवळले. त्या अटीने न्यायाचे हसे केले, हे खरेच. पण अल्पवयीनाला जामीन देणे हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे, हे त्या गदारोळात विसरले गेले. खेद करावा तो याचा, की हा नियम ज्याच्या घरी वकील आहे त्याला तत्काळ सापडतो आणि ज्याची आई धुणीभांडी करते त्याला शोधावा लागतो. एकाचा हक्क काढून घेतल्याने दुसऱ्याला न्याय मिळत नाही. दोघांनाही तो सारखाच मिळाला पाहिजे.

यात वकील व न्यायाधीश यांच्याइतकीच शाळेचीही जबाबदारी आहे. वय ठरविताना कायदा प्रथम शाळेच्या दाखल्याकडे पाहतो. तो नसल्यास ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या जन्मनोंदीकडे, आणि तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणीकडे. आपल्याकडे वर्गाच्या वर्ग एक जूनला जन्मलेले दाखविण्याची प्रथा किती जुनी आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको. प्रवेशाच्या घाईत सोयीसाठी टाकलेली ती तारीख पुढे एखाद्याला बालगृहाऐवजी तुरुंगात धाडू शकते. तेव्हा नोंद करणाऱ्या शिक्षकाने जन्माचा दाखला पाहूनच तारीख लिहावी. दाखला मागावयास आलेल्या बापाला कचेरीतील लिपिकाने ‘उद्या या’ म्हणू नये. त्या ‘उद्या’ची किंमत कोणीतरी कोठडीत बसून मोजत असतो. विद्यार्थ्यांनीही विधी सेवेचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक पाठ करून ठेवावा आणि आपल्या वस्तीत चार जणांना सांगावा.

सरकारकडून अपेक्षा मोजकीच आहे. मुलाला ताब्यात घेताच विधी सेवा प्राधिकरणाला कळविले जावे, मंडळापुढे नेण्यापूर्वी वकिलाने त्याला एकांतात भेटावे, आणि ती भेट झाली की नाही याची नोंद मंडळाने स्वतः पाहावी. यासाठी नवा कायदा नको. आहे तो पाळावा लागेल. उशिरा मिळालेल्या वकिलाने अखेर त्या कैद्याला तुरुंगाबाहेर आणले. बारा वर्षांचा आत गेलेला मुलगा मात्र चाळिशी ओलांडून बाहेर आला.