नव्याण्णव पायऱ्या

सप्टेंबर सरता सरता आम्ही उभयता कॅनडातील शहरे पाहावयास निघालो. टोरोंटोचा ५५३ मीटर उंचीचा मनोरा वाचकांनी चित्रात पाहिलाच असेल. ओटावाचे संसदगृहही तसेच. त्यांचे वर्णन नको. मॉन्ट्रियलला पोहोचलो तेव्हा मेपलची पाने लाल होऊ लागली होती.

तेथील माउंट रॉयल टेकडीच्या उतारावर संत जोसेफांचे भव्य मंदिर आहे. ते ज्यांच्या ध्यासातून उभे राहिले, ते ब्रदर आंद्रे समोरच्या विद्यालयात सुमारे चाळीस वर्षे द्वारपाल होते. १९३७ साली ते निवर्तले. २०१० साली संतपदास पोहोचले. मंदिराच्या २८३ पायऱ्यांपैकी मधल्या ९९ लाकडी पायऱ्या केवळ गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत.

आमच्या सहधर्मचारिणीचे गुडघे कित्येक वर्षे दुखतात. आम्ही नको म्हणण्यापूर्वीच हातातली काठी आमच्याकडे देऊन त्या पहिल्या पायरीवर टेकल्या. चौथ्या पायरीवर आम्हाला त्यांना उठवावे लागले. आत मेणबत्त्यांच्या प्रकाशात, बऱ्या झालेल्या भाविकांनी मागे ठेवलेल्या असंख्य कुबड्या टांगलेल्या आहेत. त्या बराच वेळ तिकडे पाहत उभ्या राहिल्या. मग आमच्यापुढे हात करून म्हणाल्या, "द्या ती काठी. अजून क्वेबेक पाहावयाचे आहे."