वळणांची मोहिनी आणि डोंगराचा पायथा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग वरवे बुद्रुकजवळून रुंद आणि बहुतांशी सरळ जातो. त्याचे छायाचित्र काढण्यासाठी कोणी थांबल्याचे ऐकिवात नाही. त्यातलीच काही वाहने पुढे कापूरहोळला वळून भोरमार्गे वरंधा घाटात शिरतात, आणि मग दर वळणावर कॅमेरे बाहेर निघतात. दिनदर्शिकांवर, पर्यटनाच्या जाहिरातींत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर मिरवतो तो हा नागमोडी रस्ताच.

ही ओढ निव्वळ हौसेची नाही. सरळ रस्ता एका दृष्टिक्षेपात संपतो; वळणारा रस्ता दिसतो, कड्याआड लपतो, खाली पुन्हा डोकावतो, आणि चित्र पाहणाऱ्याची नजर त्याच्यामागून चालू लागते. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने 1753 साली नागमोडी रेषेलाच सौंदर्याची रेषा ठरविले, ते याच पाठलागाच्या आनंदामुळे. शिवाय पायाशी रुंद असणारा रस्ता दरीत दोऱ्याएवढा झाला, की सह्याद्री केवढा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु घाट आखणाऱ्याच्या मनात सौंदर्य नसते. 20 मीटर चालीला 1 मीटर चढ असा हिशेब धरला, तर 600 मीटर उंची गाठण्यास 12 किलोमीटर रस्ता लागतो. एवढी लांबी डोंगराच्या एका कुशीत बसवायची तर तिच्या घड्याच घालाव्या लागतात. बोरघाटात 1863 साली रेल्वे चढली, तेव्हा गाडीला वळण घेण्याइतकीही जागा एका ठिकाणी मिळाली नाही. तेथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे. हा प्रकार 1929 पर्यंत चालला. वळण म्हणजे रस्त्याने डोंगरापुढे घेतलेले नमते.

आज नेमके तेच विसरले जात आहे. रविवारी वळणावर मुग्ध होणारा गृहस्थ सोमवारी घाईत असला, की वळणे छाटून रस्ता रुंद करा म्हणतो! रुंदीकरण म्हणजे बहुधा उताराचा पायथा तोडणे. पाणी मुरून मऊ झालेला मातीचा आणि कुजक्या खडकाचा थर मग आधाराविना राहतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत वरंधा घाटाची मोठी हानी झाली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत तो वाहतुकीस वेळोवेळी बंद ठेवावा लागला. घाट सर्वाधिक देखणा दिसतो तेही हेच दिवस. पर्यटकाचा हिरमोड होतो, तो फारसा मनावर घेण्याचे कारण नाही. पण घाटमाथ्यावरच्या ज्या माणसाचे दवाखान्याचे, बाजाराचे किंवा कचेरीचे काम महाडला असते, त्याला ताम्हिणीसारखा दूरचा वळसा पडतो. त्याच्या लेखी हा रस्ता चित्र नव्हे.

म्हणून घाटावर खर्च व्हायचा तो आधी डोंगराच्या बाजूची गटारे उपसण्यावर, सुटलेले दगड पावसाळ्यापूर्वी उतरविण्यावर आणि दरीकडच्या भिंती बांधण्यावर व्हावा. छायाचित्रांसाठी सज्जे आणि वाहनतळ यांचा विचार त्यानंतर, आणि तोही उतार न तोडता सपाट जागा मिळेल तेथेच.