एका गावाला पालक किती?

कुठलाही ऑनलाइन फॉर्म उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव. चार ड्रॉपडाउन, मागे टेबलात चार कॉलम. झालं डिझाइन! अशा टेबलांवर माझा जुना राग आहे, आज काढतोच.

पुलगाव घ्या. महसुलात वर चढा: देवळी तालुका, वर्धा जिल्हा, नागपूर विभाग. आता मतदानाच्या झाडावर चढा: देवळी विधानसभा, वर्धा लोकसभा. नाव 'वर्धा'च, पण या लोकसभेत धामणगाव रेल्वे आणि मोर्शीही येतात, आणि ते पडतात अमरावती जिल्ह्यात! बरं, २००४ पर्यंत विधानसभा मतदारसंघाचं नावच पुलगाव होतं, २००९ पासून ते देवळी. बसवा आता चार कॉलमांत.

मग हुशार मंडळी येतात: "नेस्टेड सेट वापर." प्रत्येक नोंदीला डावा-उजवा आकडा, एका साध्या क्वेरीत सगळी पिलावळ हजर. वाचायला झकास. पण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून आठ तालुके काढून पालघर जिल्हा केला, तसं काही झालं की बसा आकडे पुन्हा मोजत.

त्यापेक्षा साधा पेरेंट आयडी बरा. "किती पातळ्या तेच माहीत नाही, सेल्फ जॉइन किती लिहू?" ही तक्रार एकेकाळी रास्त होती. पण पोस्टग्रेसमध्ये २००९ साली आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली रिकर्सिव्ह क्वेरी आली. बहाणा संपला राव.

तरी खरी मेख पुढेच आहे. वसईचा पेरेंट ठाण्याऐवजी पालघर केलात, की २०११ च्या जनगणनेच्या रिपोर्टमध्ये ठाण्याची लोकसंख्या घटते आणि तेव्हा जन्मालाही न आलेल्या पालघरला मिळते. एका अपडेटनं इतिहास खोटा!

म्हणून पेरेंट गावाच्या ओळीत नकोच. नात्यांचं वेगळं टेबल करा: मूल, पालक, झाड कुठलं, कधीपासून, कधीपर्यंत. नावांनाही तशाच तारखा. क्वेरीत प्रत्येक पायरीवर झाड आणि तारीख तपासा.

"स्लो होईल ना!" कशानं? महाराष्ट्रात गावं चाळीस-पंचेचाळीस हजार, पातळ्या पाच-सहा. इंडेक्स लावा आणि मोजून दाखवा. मोजल्याशिवाय स्लो म्हणणारा इंजिनिअर नव्हे, ज्योतिषी.

उद्या पुलगाव स्वतंत्र तालुका झाला, तर माझ्या टेबलात जुन्या नात्यांना शेवटची तारीख पडेल आणि नवी नाती खाली जोडली जातील. तुमच्या टेबलात काय होईल, ते तुम्हीच सांगा.