डोळ्यात तेल घातले, काढायचे कधी?

'डोळ्यांत तेल घालून' लक्ष ठेवणे हा आपल्याकडचा वाक्प्रचार. पडद्याच्या शस्त्रक्रियेत मात्र डोळ्यात खरोखर तेल भरतात, आणि त्यावर लक्ष कोणी ठेवायचे हे बरेचदा ठरलेलेच नसते.

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, आतल्या भिंतीला कागदासारखा लागून असतो. त्याला छिद्र पडले की पाणी त्यामागे शिरते आणि पडदा सुटत जातो. चष्म्याचा मोठा उणे नंबर, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, बैलाचे शिंग लागणे, लाकूड फोडताना ढलपी उडणे, अशी कारणे असतात. शस्त्रक्रियेत डोळ्यातली जेली काढून पडदा जागेवर बसवतात, छिद्राभोवती लेसर करतात आणि तो धरून ठेवायला आत वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू काही आठवड्यांत आपोआप विरतो. तेल विरत नाही.

तेलाला माझा विरोध नाही. पॉल सिबिस यांनी १९६२ साली ही पद्धत मांडली, आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने १९९२ साली दाखवले की, सुरकुत्या पडून आखडलेल्या पडद्यासाठी तेल एका प्रचलित वायूपेक्षा सरस आणि दुसऱ्याच्या तोडीचे ठरते. लहान मूल असेल, एकच डोळा शाबूत असेल, तर मीही तेलच सुचवीन. अडचण पुढची आहे. पडदा नीट बसला की साधारण तीन ते सहा महिन्यांत हे तेल काढायचे असते. राहिले तर त्याचे बारीक थेंब होतात, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. मोतीबिंदू होतो, बुबुळावर पांढरा पट्टा येऊ शकतो. दाब हळूहळू वाढतो तेव्हा दुखतही नाही. पडदा जागेवर असतो, आणि नजर मात्र नस सुकल्यामुळे जाते.

'पेशंट परत येतच नाहीत, बेपर्वा असतात' हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. मला ते पटत नाही. रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाला पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी अकोला, नागपूर नाही तर संभाजीनगर गाठावे लागते. सोबतीला एक माणूस, दोघांची मजुरी बुडते. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली तर तेल काढायची वेळ ऐन सोयाबीनच्या सोंगणीत येते. त्यात थोडेफार दिसत असते, मग परत डोळा कापून कशाला घ्यायचा, हा प्रश्न शहाण्या माणसाचाच आहे. तेल काढल्यावर काही डोळ्यांत पडदा पुन्हा सुटतो, हेही खरे. काही डोळ्यांत तर तेल कायमचे ठेवावे लागते. पण तो सर्जनने तपासून, रुग्णाला सांगून घेतलेला निर्णय असतो. विसरून राहिलेले तेल हा निर्णय नव्हे.

म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच सांगावे की शस्त्रक्रिया दोन आहेत. पहिली शासकीय योजनेतून होत असेल तर दुसरीचे पैसे कोण देणार, हेही तेव्हाच स्पष्ट व्हावे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहावे : 'या डोळ्यात तेल आहे, अमुक महिन्यात काढायचे.' तो महिना पेरणी-सोंगणी पाहून ठरवला तर बिघडत नाही. मधल्या काळात दाब मोजायला नागपूरला जायची गरज नाही, ते काम जिल्हा रुग्णालयात होते.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा हिशेब आपण चोख ठेवतो. तेल भरलेल्या डोळ्यांची अशी यादी जिल्ह्यात असावी. वाशिमला २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे पडद्याच्या शस्त्रक्रिया होईपर्यंत वेळ जाईल, पण यादीला यंत्र लागत नाही. एक वही आणि आशाताईंचा एक फोन पुरतो.

घरात कोणाची पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर जुने कार्ड काढून पाहा. त्यावर 'सिलिकॉन ऑइल' किंवा नुसते 'एस.ओ.' असे इंग्रजीत लिहिलेले असते. वाचता येत नसेल तर गावच्या शिक्षकांना दाखवा. सहा महिने उलटले असतील तर दुखत नसले तरी कार्ड घेऊन नेत्र विभागात या आणि आधी दाब मोजून घ्या.