रंगपेटी एक तास बाजूला ठेवू या : पांढऱ्यावर पांढरं चित्र



चित्रकलेचा तास म्हटला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "रंग कोणते आणायचे?" एकाकडे 48 खडूंची पेटी, दुसऱ्याकडे तुटलेले चार खडू. कोणाचं चित्र 'छान' ठरणार, हे मुलांना आधीच ठाऊक असतं. म्हणून माझं मत आहे की महिन्यातून एक तास तरी बिनरंगाचा असावा. मुलांना पांढऱ्यावर पांढरंच चित्र करू द्यावं.

ते दिसणार कसं? सावलीमुळे! आपल्या पेणच्या कारखान्यांतले रंग लागण्याआधीचे गणपती आठवा. सगळे पांढरे, तरी सोंडेचं वळण, पोटाचा गोलावा, पितांबराच्या चुण्या स्पष्ट दिसतात. उंच भागावर उजेड पडतो, खोलगट भागात सावली राहते. घारापुरीची सुमारे 20 फूट उंच त्रिमूर्तीही एकाच खडकात कोरलेली आहे. तिचे चेहरे उठून दिसतात ते उजेड आणि सावलीमुळे.

मोठ्या चित्रकारांनीही हे केलं आहे. इंग्लंडच्या बेन निकल्सन यांनी 1934 च्या सुमारास फळ्यांवर गोल-चौकोन कोरून त्या पूर्ण पांढऱ्या रंगवल्या. बंगालचा 1943 चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या सोमनाथ होर यांनी 1970 च्या दशकात कागदाच्या पांढऱ्या लगद्यातून 'जखमा' ही मालिका केली. पांढऱ्या कागदावरचे ते पांढरे व्रण सावलीमुळेच दिसतात. म्हणजे दुःख सांगायलाही भडक रंग लागतोच असं नाही.

वर्गात करायला खर्च जवळजवळ नाही. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, कात्री आणि डिंक पुरे. आकार कापून एकावर एक चिकटवायचे. कुठे एक थर, कुठे तीन. काही कडा थोड्या उचलून ठेवायच्या. मग ट्यूबलाइट बंद करून चित्रावर मोबाइलची बॅटरी मारायची. समोरून मारली तर चित्र सपाट दिसतं, बाजूने मारली तर उठून दिसतं. आता मुलांना विचारा : तीन थरांची सावली जास्त रुंद का? बॅटरी कागदाच्या पातळीला आणली की सावली लांब का होते? परिसर अभ्यासातला प्रकाश इथे हाताखाली येतो. सावली काळीच असते, असं म्हणणाऱ्या मुलाला चित्राशेजारी उन्हात हिरवी वही धरायला सांगा. जवळची सावली किंचित हिरवट दिसेल.

"मुलांना रंग आवडतात हो," असं कोणी म्हणेल. मान्य आहे, रंग काढून घ्यायचेच नाहीत. पण 'आकाश निळं, झाड हिरवं' असं पाठ झालेलं भरणं म्हणजे बघणं नव्हे. बिनरंगाच्या तासात मुलाला थांबून बघावंच लागतं. आणि त्या तासात चार खडूवाला आणि 48 खडूवाला एकाच रांगेत असतात.

पालकहो, घरीसुद्धा करून बघा. फक्त "रंग कुठेय?" असं विचारू नका. "सावली कुठे पडली?" असं विचारा.