मुक्कामी गाडी गावात राहिलीच पाहिजे

१ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. त्याआधी खासगी मोटारवाले पैसा मिळेल त्याच रस्त्यावर धावत, आडगावाच्या वाट्याला बैलगाडीच. तोट्यातल्या वाटेवरही गाडी न्यायची, हा एसटीचा शब्द होता. बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांनी त्या शब्दावर दोन-तीन पिढ्या शिकवल्या.

संध्याकाळची शेवटची गाडी गावात मुक्कामाला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण यायचं. पहाटे तीच गाडी बारामतीला निघायची. सीटखाली भाजीच्या पाट्या, पुढच्या बाकावर दवाखान्याला निघालेली म्हातारी, आणि बाकी सगळी गाडी कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेली. वडापात कोंबून पोरीला पाठवायला बापाचं मन धजावत नसे, एसटीत बसवली की तो निर्धास्त रानात जायचा. गावोगावच्या कितीतरी मुली बारावीच्या पुढे गेल्या त्या या गाडीमुळे.

आज हीच गाडी आधी बंद पडते. कोरोना आला, पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा लांबलेला संप झाला. अठरा हजारांच्या घरातला राज्याचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला आणि कात्री लागली ती खेड्यांच्या फेऱ्यांना. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. बारामतीत देखणं नवं स्टँडही झालं. पण गाडीच आली नाही तर फाट्यावर ताटकळणाऱ्या मुलीने त्या पासाचं काय करायचं?

गाड्या वाढवणं सरकारचं काम आहे, ते मागितलंच पाहिजे. पण भारमान, म्हणजे गाडी किती भरते, ते आपल्या हातात आहे. फेरी राहते की जाते, हे बरंचसं त्यावर ठरतं. आपण मोटारसायकलला किक मारतो, रिकामी गाडी कागदावर तोट्यात दिसते आणि फेरी जाते. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी एसटीने जा, तिकीट काढा. फेरी चुकली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, तोंडी तक्रारीवर थांबू नका. शाळा-कॉलेजच्या वेळा आणि पासधारकांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्या. येत्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या, आणि ठराव बारामती, बारामती एमआयडीसी की इंदापूर, जे आगार तुमचं असेल तिथल्या आगारप्रमुखांना सगळ्यांनी मिळून नेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.